दुसऱ्या सीझनला गाडी का घसरते? पाहिलेल्या वेबमालिकांबद्दल रोखठोक

अर्धविराम (धागाकर्ता)

या धाग्यावर 'मस्त आहे, नक्की बघा' एवढंच लिहायचं असेल तर कृपया लिहू नका. काय जमलं, कुठे फसलं आणि का, ते सांगा. रसभंग पावलोपावली होणार आहे. ज्यांना पुढचं कळायला नको असेल त्यांनी मालिकेचं नाव दिसलं की खाली सरकावं.

आधी माझं म्हणणं. दुसऱ्या सीझनला मालिका घसरते ती पैसे कमी पडले म्हणून नाही आणि नट कंटाळले म्हणूनही नाही. पहिल्या सीझनला ज्या प्रश्नाने आपल्याला रात्री दोनपर्यंत जागं ठेवलं, त्याचं उत्तर देऊन झालेलं असतं. लेखक नवा प्रश्न शोधत नाही, जुन्यालाच पाणी घालत बसतो.

'सेक्रेड गेम्स' घ्या. जुलै २०१८, आठ भाग, नेटफ्लिक्सची पहिली भारतीय मालिका. सरताज या पोलिसाचा धागा विक्रमादित्य मोटवानेने दिग्दर्शित केला, गायतोंडे या गँगस्टरचा अनुराग कश्यपने. दोघांची भाषा वेगळी, त्यामुळे एकातून दुसऱ्यात उडी मारताना मजा यायची. आणि या सगळ्याखाली एक घड्याळ टिकटिकत होतं: २५ दिवसांत काहीतरी होणार. काय ते माहीत नव्हतं म्हणून भीती होती. ऑगस्ट २०१९ मध्ये दुसरा सीझन आला, बॉम्ब कसला ते कळलं, आश्रम आला, गुरुजी आले आणि मालिका प्रवचनाला बसली. सरताजचा धागा नीरज घायवानने नीट सांभाळला, पण सरताजला करायलाच काही उरलं नव्हतं. शेवटी तर पडदा काळा करून प्रेक्षकाच्या गळ्यात घातलं, तुम्हीच ठरवा.

आणि काटेकर. जितेंद्र जोशीने त्या हवालदाराला घर दिलं, चाळ दिली, साहेबाला ऐकवायची तिरकस मराठी दिली. काटेकर मेला त्या दिवशी मालिकेतली मुंबई गेली, उरलं ते नुसतं शूटिंगचं ठिकाण.

सुरंगी

काटेकरबद्दल +१००. बाकी नियम सरसकट पटत नाही. 'पंचायत' बघा की.

अर्धविराम

पंचायतनेच तर नियम सिद्ध होतो! पहिल्या सीझनचं (एप्रिल २०२०) इंजिन साधं होतं: २० हजार पगार, एमबीए प्रवेशाचा अभ्यास, आणि 'इथून कधी सुटतोय' असं वाटणारा, खेड्यात पंचायत सचिव झालेला पोरगा. प्रत्येक भागात एकच लहानशी वस्तू. एकात सौरदिवा, एकात चाकाची खुर्ची, एकात चोरीला गेलेला मॉनिटर. खुर्चीवरून नवरदेव रुसतो आणि त्यात अख्खं गाव उलगडतं. २०२५ च्या चौथ्या सीझनला काय? दुधी विरुद्ध कुकर. आठच्या आठ भाग निवडणूक, आणि सचिवजी कोपऱ्यात उभे. वस्तू संपल्या, राजकारण उरलं. राजकारण दाखवणाऱ्या मालिका पन्नास आहेत, सौरदिव्यावर अर्धा तास धरून ठेवणारी एक होती.

सुरंगी

चौथा कुणी धरत नाहीये. दुसऱ्याबद्दल बोला. प्रल्हादचा मुलगा जातो तो भाग ओढूनताणून आणलेला आहे का? आधीच्या भागांत फैसल मलिकचा प्रल्हाद निव्वळ हसवणारा गडी आहे, कायम दोघांच्या मागे तिसरा. त्याचं घर आपण कधी नीट पाहिलेलंच नसतं. म्हणूनच ते घर अचानक रिकामं झाल्यावर बसतो तो धक्का. तो दुसऱ्या सीझनलाच बसू शकतो, कारण पहिल्यात माणूस ओळखीचा व्हावा लागतो.

अजून एक. ही मालिका मराठी माणसाला इतकी जवळची का वाटते? सचिव म्हणजे आपला ग्रामसेवक, आणि 'प्रधानपती' म्हणजे आपला सरपंचपती. बाई निवडून येते, खुर्चीत नवरा बसतो. पहिल्या सीझनच्या शेवटी झेंडा बाईंनी फडकवायचा म्हणून मंजूदेवी राष्ट्रगीत पाठ करायला बसते तेव्हा नीना गुप्ताच्या चेहऱ्यावर जी शाळकरी धास्ती आहे, ती ग्रामसभेला गेलेल्या कुणालाही सांगावी लागत नाही. (मालिकेतलं गाव फुलेरा गोष्टीत उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यात आहे, चित्रण मात्र मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातल्या महोडियात झालंय.)

निशाचर

तुम्ही दोघं हिंदीतच भांडत राहणार का? मराठीचं बोला. 'समांतर'.

कल्पना एक नंबर: कुमार महाजन आज जे आयुष्य जगतोय ते सुदर्शन चक्रपाणीने आधीच जगून झालंय आणि डायरीत लिहून ठेवलंय. अट एकच, रोज एकच पान वाचायचं. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीतली ही अट म्हणजे मालिकेसाठी आयतं इंजिन, रोजचं पान म्हणजे रोजचा भाग. पहिला सीझन (मार्च २०२०, नऊ भाग) सतीश राजवाडेंचा. तो मुख्यतः चक्रपाणीचा शोध आहे आणि शोध म्हणून चालतो. नितीश भारद्वाज समोर येईपर्यंत स्वप्नील जोशीचा चेहरा सतत घामेजलेला, तेही शोभतं.

दुसरा (जुलै २०२१, दहा भाग, समीर विद्वांस) डायरी उघडल्यावरचा. इथे प्रश्न हवा होता, लिहिलेलं टाळता येतं का? त्याचा झाला, ती बाई कोण? नियतीवरून घसरून आपण लफड्यावर आलो. आणि एका कादंबरीचे एकोणीस भाग केल्यावर काय होणार? प्रत्येक भाग वीस-पंचवीस मिनिटांत कुठल्यातरी दचक्यावर तोडायचा. दचका खरा नसला की पुढच्या भागाच्या पहिल्या मिनिटात तो मिटवायचा. दार वाजतं, संगीत वाढतं, भाग संपतो. पुढच्या भागात दारात कुणी ओळखीचंच निघतं. असं दोनदा झालं की प्रेक्षक दाराला घाबरणं सोडतो.

कऱ्हाडकर

अर्धविराम, तुमच्या नियमाला उत्तर हर्षद मेहताच्या घोटाळ्यावरच्या 'स्कॅम १९९२' ने आधीच दिलंय: संपणारी गोष्ट निवडा आणि संपवा. ऑक्टोबर २०२०, दहा भाग, विषय बंद. पण मालिका आवडलेल्या बऱ्याच जणांना घोटाळा नेमका काय होता ते सांगता येत नाही, म्हणून इथे मांडतो. पुन्हा बघाल तेव्हा चौथ्या-पाचव्या भागातली बोलणी डोक्यावरून जाणार नाहीत.

त्या काळी बँकांना ठेवींच्या ३८.५ टक्क्यांपर्यंत रक्कम सरकारी रोख्यांत गुंतवणं सक्तीचं होतं. एखाद्या पंधरवड्याला रोखे कमी पडले तर दुसऱ्या बँकेकडून तात्पुरते घ्यायचे, ठरल्या दिवशी ठरल्या भावाने परत द्यायचे. हे रेडी फॉरवर्ड. वरून खरेदी-विक्री, आतून रोखे तारण ठेवून घेतलेलं थोड्या दिवसांचं कर्ज. आता रोख्यांची मालकी रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसात वह्यांमध्ये हाताने नोंदली जायची, त्याला वेळ लागायचा. तोवर विकणारी बँक एक चिठ्ठी द्यायची, 'रोखे तुमचे, आमच्याकडे आहेत'. ही बँक रिसीट, मालिकेत ज्याला बीआर बीआर म्हणतात ती.

दोन बँकांच्या मध्ये दलाल. धनादेश बँकेच्या नावाने निघायचा आणि जमा व्हायचा दलालाच्या खात्यात. 'आपला माणूस आहे, देईल तिकडे', एवढ्यावर. मधले पंधरा दिवस तो पैसा दलालाचा, आणि तो जायचा शेअर बाजारात. एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर २०० रुपयांच्या आसपासचा ९ हजारांकडे गेला तो याच पैशावर. परत करायची तारीख आली की दुसऱ्या बँकेचा पैसा पहिलीला. साखळी तुटू नये म्हणून मग रोखेच नसताना बीआर छापणारी बँक लागते. अशा दोन बँका होत्या, मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह आणि आमची बँक ऑफ कराड.

इथेच माझी तक्रार आहे. २३ एप्रिल १९९२ ला पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी छापून आली, स्टेट बँकेच्या ५०० कोटींचा प्रश्न उभा राहिला, हे सगळं मालिका उत्तम दाखवते. प्रतीक गांधीची चाल, हसू, अचिंत ठक्करचं ते वाजत राहणारं संगीत, सगळं खणखणीत. पण ते संगीत कुणासाठी वाजतं ते ऐका. हर्षद लिफ्टमधून बाहेर आला की वाजतं. बँक ऑफ कराड त्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली, तिच्या ठेवीदारांच्या वाट्याला मालिकेत जवळपास काहीच येत नाही. फसवलेल्याचा चेहरा दाखवला नाही की फसवणारा आपोआप हिरो होतो.

बनावट मुद्रांकवाल्या तेलगीवरच्या पुढच्या मालिकेत निदान हा दोष कमी आहे. गगन देव रियारचा तेलगी लाघवी आहे, पण डोळ्यात भरत नाही. तिथे दुसरीच चूक: पाच भाग सप्टेंबर २०२३ मध्ये, उरलेले पाच नोव्हेंबरमध्ये. नाशिकच्या छापखान्यातली भंगार यंत्रं कशी हाती आली, कोण कुणाला किती देतं, हे तपशील दोन महिने डोक्यात कोण ठेवणार?

रिमोट_कुठंय

कऱ्हाडकर, प्रतिसाद वाचनखूण लावून साठवलाय. पब्लिक डेट ऑफिस म्हणजे काय ते पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

गवाक्ष

संपणारी गोष्ट म्हणताय तर 'ॲडोलेसन्स' (मार्च २०२५), शाळकरी मुलावर खुनाचा आरोप येतो ती. चार भाग, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये. कुठेही लपवलेला कट नाही. पद्धत अशी की प्रत्येक भागाची आधी कोरिओग्राफीसारखी तालीम, मग पूर्ण भाग सलग पुन्हा पुन्हा चित्रित करायचा. पहिल्या भागाचा दुसरा टेक वापरलाय, चौथ्याचा सोळावा. दुसऱ्या भागाच्या शेवटी कॅमेरा हातातून काढून ड्रोनला लावला जातो, शाळेवरून उडत खुनाच्या जागी जातो, तिथे उतरवून पुन्हा माणसांच्या हातात येतो आणि मुलाच्या बापाचं काम करणाऱ्या स्टीफन ग्रॅहमच्या चेहऱ्याजवळ थांबतो. जोड दिसत नाही.

पण लोक ड्रोनवरच अडकलेत. करामत तिसऱ्या भागात आहे. एक खोली, एक टेबल, मानसोपचारतज्ज्ञ बाई आणि तेरा वर्षांचा मुलगा. ती त्याला अर्धं सँडविच देते. तो म्हणतो, यातलं लोणचं मला आवडत नाही. बोलता बोलता एक घास घेतो. तासाभराने तो मुलगा बाहेर जातो आणि बाई त्या चावलेल्या तुकड्याकडे हात नेते, तो हात मागे येतो. एवढंच. कट असता तर दिग्दर्शकाने सँडविचचा क्लोज-अप लावून ते आपल्या तोंडात कोंबलं असतं. सलग शॉटमध्ये ते टेबलावर पडून राहतं, बघायचं की नाही ते आपण ठरवायचं. ओवेन कूपरचं हे पहिलंच काम, आणि हाच भाग सगळ्यांत आधी चित्रित झालेला.

दोष? दुसरा भाग. शाळा दाखवायची म्हणून कॅमेरा एकाच्या मागून दुसऱ्याच्या मागे पळतो आणि पोलिसाला त्याचा मुलगा इमोजींचे अर्थ समजावतो तो प्रसंग सरळसरळ पालकसभेचा आहे.

निशाचर

इमोजींचं पटलं. पण अहो, घरच्या टीव्हीवर तो भाग बघताना कॅमेरा हलला की चित्र सासू-सुनांच्या मालिकेसारखं गुळगुळीत का दिसतं? आणि संवाद ऐकू येत नाहीत, संगीत आलं की शेजारी उठतात.

रिमोट_कुठंय

दोन वेगळे आजार आहेत.

गुळगुळीतपणा: या मालिका सेकंदाला २४-२५ चित्रांवर बनतात, टीव्ही ६० दाखवतो. मधली चित्रं टीव्ही स्वतः बनवून घुसडतो. ते बंद करा. सेटिंग्ज, पिक्चर, त्यात प्रगत पर्याय. सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी', एलजीत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो'. टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं, आणि चित्र किंचित पिवळसर वाटेल. ते तसंच असायला हवं, दोन दिवसांत डोळा बसतो.

आवाज: मालिका ५.१ मध्ये मिसळलेली असते, म्हणजे संवाद मधल्या स्पीकरसाठी. टीव्हीला मधला स्पीकरच नाही. सहा वाहिन्या दोनात कोंबताना संवाद दबतो. भाषा निवडायच्या यादीत तीच भाषा '५.१' लिहिलेली आणि न लिहिलेली अशी दोनदा दिसते का बघा. न लिहिलेली घ्या. तसा पर्याय नसेल तर टीव्हीच्या आवाजात 'स्पीच' किंवा 'क्लिअर व्हॉइस' असं काही असतं ते लावा. आवाज वाढवत बसणं हा उपाय नाही, संगीतही तेवढंच वाढतं.

आणि फोनवर धूसर दिसत असेल तर नेटला शिव्या घालण्याआधी नेटफ्लिक्स ॲपच्या सेटिंगमध्ये 'प्लेबॅक स्पेसिफिकेशन' उघडा. तिथे वाइडवाइन (चित्राची चोरून नक्कल होऊ नये म्हणूनचं कुलूप) एल३ दिसलं तर त्या फोनवर ४८० च्या वर चित्र येणार नाही, नेट कितीही वेगवान असो. एल१ लागतं.

अर्धविराम

म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स' च्या त्या काळ्याकुट्ट लढाईचंही हेच का? आठवा सीझन, तिसरा भाग. ८२ मिनिटं नुसता अंधार.

गवाक्ष

थोडं हे, बरंचसं दुसरं. चित्र दाबून पाठवताना गडद भागातले बारीक फरक आधी फेकले जातात, कारण उजेडात ते कुणाला कळत नाहीत. अख्खा भागच गडद असेल तर फेकायला तेवढंच उरतं. मग काळ्या रंगात चौकोन आणि पट्टे दिसतात. खोलीतले दिवे घालवा, टीव्हीवरचा 'इको' किंवा उजेडानुसार बदलणारा मोड बंद करा. बऱ्यापैकी सुधारतं. पण त्या सीझनची खरी अडचण प्रकाशाची नव्हती. सहा भागांत बारा भागांची गोष्ट उरकायची होती.

सुरंगी

धागा पुन्हा रुळावर आणते. अर्धविरामांच्या नियमाला सणसणीत अपवाद: 'पाताल लोक'. पहिला सीझन मे २०२०, दुसरा जानेवारी २०२५. पावणेपाच वर्षांनी आलेला सीझन पहिल्याच्या तोडीस तोड कसा? कारण त्यांनी जुन्या प्रश्नाला हातच लावला नाही. पोलीस हथीराम तोच, गुन्हा नवा, प्रदेश नवा. एक बेपत्ता बँडवाला शोधायचा, त्याला कुणी विचारत नाही, आणि ते सूत नागालँडपर्यंत जातं. नागामी बोलणं तसंच ठेवलंय, सगळ्यांना हिंदी पाजलेलं नाही. आणि अन्सारी. पहिल्यात हाताखालचा पोरगा, दुसऱ्यात आयपीएस होऊन हथीरामचा साहेब. दोघं गाडीत बसतात तेव्हा 'सर' कुणी कुणाला म्हणायचं ही एवढीशी अडचण, पण नात्यातलं पाच वर्षांचं अंतर तिच्यात मावतं. म्हणून पुढे त्याचं जे होतं ते झोंबतं.

दुसऱ्या सीझनचा दिग्दर्शक अविनाश अरुण, म्हणजे 'किल्ला' वाला. पावसात माणसाला एकटं उभं करावं तर त्याने.

अर्धविराम

मान्य. मग नियम दुरुस्त करतो: माणूस ठेवा, प्रश्न बदला. 'दिल्ली क्राइम' तेच करते ना? पहिल्यात २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराचा तपास सात भागांत, दुसऱ्यात दुसरी टोळी, पोलीस अधिकारी वर्तिका तीच. पहिल्याला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं २०२० मध्ये, ते तपासाच्या कोरडेपणासाठी मिळायला हवं होतं असं माझं मत. गाडीत पेट्रोल नाही, ठाण्यात वीज नाही, अशा अडचणींतून पोलीस कळतात. दुसरा बरा, पण पाच भागांत आटोपता घेतल्यासारखा.

कऱ्हाडकर

'चेर्नोबिल' वर कुणीच नाही? पाच भाग, २०१९. शेवटच्या भागात खटल्यात शास्त्रज्ञ लेगासॉव्ह निळ्या-लाल पाट्या लावून अणुभट्टी समजावतो, लाल म्हणजे विक्रिया वाढवणारं, निळं म्हणजे रोखणारं. एकेक निळी पाटी काढत जातो आणि शेवटी उरते ती फक्त लाल. अवघड विषय टीव्हीवर कसा सांगावा याचा वस्तुपाठ आहे तो. स्कॅमवाल्यांनी बीआरसाठी असं काही केलं असतं तर मला वर एवढं लिहावं लागलं नसतं.

सुरंगी

फक्त इतिहास म्हणून बघू नका. लेगासॉव्ह त्या खटल्याला प्रत्यक्षात हजर नव्हता. खोम्युक ही बाई अनेक शास्त्रज्ञ मिळून बनवलेलं पात्र आहे. हेलिकॉप्टर कोसळलं खरं, पण ऑक्टोबर १९८६ मध्ये, मालिकेत दाखवलंय तसं पहिल्या दिवसांत नाही. पाणी सोडायला गेलेले तिघं जगले, ते मालिका शेवटी सांगते. किरणोत्साराचा ३.६ रॉन्टगेन हा आकडा मात्र खरा: मोजायचं यंत्रच तिथपर्यंत मोजत होतं, म्हणून अहवालात तेवढंच गेलं.

निशाचर

शेवटचा प्रश्न, मग झोपतो. 'डार्क' ही काळप्रवासाची मालिका सुरू करायचीय. इंग्रजी डबिंग की जर्मन?

सुरंगी

जर्मन, खाली अक्षरं लावून. डबिंगमध्ये नटांचे मूळ आवाज जातात. २६ भाग आहेत, १०, ८ आणि ८. कागद-पेन घेऊन बसा: १९५३, १९८६, २०१९ असे तीन उभे रकाने आखा, ३३ वर्षांची उडी. घराणी चार, प्रत्येकाला एक ओळ. पहिल्या पाच भागांत रकाने भरले नाहीत तरी चालेल. दुसऱ्या सीझनला आणखी दोन रकाने लागतील, तेव्हा कागद आडवा घ्या.

निशाचर

आणि तिसऱ्याला?

सुरंगी

तिसऱ्याला कागद उलटा करा. मागच्या बाजूला तेच रकाने पुन्हा आखायचे आहेत.